गोगलगाईची स्वच्छ प्रत

कागदावर चहा सांडला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं, असं नकाशेकाका अजूनही म्हणतात. ते खोटं आहे. चहा सांडला नसता तर कोपरा दुमडला असता, शाई फुटली असती, नाहीतर माशी बसली असती. ज्या माणसानं चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढले आणि एकही डागाळलेला कागद साहेबाच्या टेबलावर जाऊ दिला नाही, त्याला कारण लागत नाही. निमित्त पुरतं.

कागद काकूंचा होता. काकूंना कंपवात होऊन तीन वर्षं झाली होती. या आजाराची एक राष्ट्रीय संस्था आहे. ती लोकांकडून देणग्या गोळा करते, त्यातून संशोधनाला पैसा पुरवते आणि रुग्णांना मदतही करते. काम चांगलं आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो तिच्या माहितीपत्रकाबद्दल. त्यावर एक म्हातारं जोडपं असं काही हसत असतं की यांना आजार झालाय की लॉटरी लागलीय तेच कळू नये. तर या संस्थेनं एक अभ्यास काढला होता. दर रविवारी सकाळी, दिवसाची पहिली गोळी घेण्याआधी, रुग्णानं छापील कागदावर मध्यापासून बाहेरपर्यंत गोल गोल फिरत जाणारी एक रेघ काढायची आणि तिच्याखाली ‘आज मी खिडकी उघडली’ हे वाक्य पाच वेळा लिहायचं. हात किती थरथरतो, अक्षर किती बारीक होत जातं, हे तज्ज्ञ त्यावरून मोजणार. त्या रेघेला घरात नाव पडलं गोगलगाय.

गोगलगाईच्या बदल्यात संस्था आठवड्यातून दोनदा व्यायाम शिकवणारी एक मुलगी घरी पाठवायची. फुकट. ही व्यायामवाली ताई यायला लागली तेव्हा काकूंना खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागत. तिनं त्यांना युक्ती शिकवली: पाय मागे, नाक पुढे, एक, दोन, उठा. चार महिन्यांत काकू आपल्या आपण उठून न्हाणीघरात जायला लागल्या आणि आतून कडी लावायला लागल्या. दाराला आतून कडी लावता येणं ही काय चीज असते, ते ज्याची कडी एकदा गेली त्यालाच कळतं. काकू म्हणायच्या, गोळ्यांनी मला जिवंत ठेवलंय, पण माणसात ठेवलंय त्या पोरीनं.

असो. चहा सांडला. काकूंचाच हात लागला. गोगलगाईच्या पाठीवर तपकिरी तळं झालं. काकू म्हणाल्या, “जाऊ द्या तसाच. त्यांना रेघ बघायचीय, कागद नाही.” काका “बरं” म्हणाले आणि दुपारी आतल्या खोलीचं दार लावून कोऱ्या कागदावर त्याची स्वच्छ प्रत काढायला बसले.

इथं एक गोष्ट काकांच्या बाजूनं सांगायला हवी, कारण पुढे त्यांच्या बाजूनं सांगण्यासारखं फारसं काही नाही. पहिल्या वेळी त्यांनी थरथर जशीच्या तशी उतरवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. पण हाताला चौतीस वर्षांचं वळण. पहिली दोन वळणं वाकडी आली, तिसरं निम्मं वाकडं, आणि चौथ्यापासून रेघ अशी गुळगुळीत निघाली की जणू हजार घरांना पाणी पोचवायला निघाली आहे. मग खालची वाक्यं. तीही सुबक. मग मूळ कागद त्यांनी बारीक फाडून टाकला, कारण खात्याचा नियमच तसा: स्वच्छ प्रत झाली की कच्ची नष्ट करायची, दोन प्रती फिरल्या की भांडणं होतात.

दुसऱ्या रविवारी चहा सांडला नाही. तरी काकांनी प्रत काढली. कच्चा कागद घराबाहेर पाठवायचा हे त्यांना जमेचना. लग्नघरी बनियनवर गेल्यासारखं वाटायचं. असे तेवीस रविवार गेले. काकू रोज झिजत गेल्या आणि गोगलगाय दर आठवड्याला धष्टपुष्ट होत गेली.

पत्र आलं ते चांगल्या जाड कागदावर. काकांनीच मोठ्यानं वाचलं. “कळविण्यास अत्यंत आनंद होतो की आपल्या हस्ताक्षरात व हालचालींत लक्षणीय सुधारणा आढळली असून आपला समावेश ‘सुधारित गटा’त करण्यात आला आहे. सबब आपली घरपोच व्यायामसेवा महिनाअखेरीस थांबवून ती प्रतीक्षायादीतील गरजू रुग्णास देण्यात येईल.”

काकूंनी आपला उजवा हात मांडीवरून उचलून डोळ्यांसमोर धरला. हात थरथरत होता.

“हा हात सुधारला?” त्या म्हणाल्या. “अहो, तुम्ही माझ्या कागदांचं काय केलंत?”

“फेअर केले.”

“काय केलेत?”

“डाग होता गं एकदा. मग दुसऱ्यांदा विचार केला की—”

“तेवीसच्या तेवीस?”

काकांनी पत्राची घडी घातली. काकू नोकरीत होत्या तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. त्या आवाज चढवत नाहीत. त्यांचा आवाज आणखी स्पष्ट होतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की चढवला असता तर परवडलं असतं.

“मी तीस वर्षं लोकांच्या लायनी जोडल्या,” त्या म्हणाल्या. “जन्म ऐकले, मरणं ऐकली, घटस्फोट ऐकले. एकाच्याही बोलण्यात माझा एक शब्द घातला नाही. आणि तुम्ही माझी रेघसुद्धा मला ठेवली नाहीत. आता माझी पोरगी परत आणा. कशी आणायची ते तुमचं तुम्ही बघा.”

काकांनी संस्थेच्या मदतक्रमांकावर फोन लावला. आजार वाढला असल्यास एक दाबा, नवीन रुग्ण असल्यास दोन दाबा, देणगी द्यायची असल्यास तीन दाबा. एक दाबून बावीस मिनिटं बासरी ऐकली. तीन दाबल्यावर माणूस लगेच बोलला.

“सुधारित गटातून परत यायचं असेल तर सलग बारा आठवड्यांचे बिघाड दाखवणारे कागद लागतील,” तो म्हणाला.

“आणि तोवर व्यायाम?”

“तोवर त्या सुधारितच आहेत ना, काका.”

आता शहाणा माणूस इथं सरळ जाऊन खरं बोलला असता. पण इभ्रत नावाची एक गोष्ट असते, आणि निवृत्त माणसाकडे पेन्शनीखालोखाल तेवढीच उरलेली असते. काकांनी नियमांची पुस्तिका भिंगाखाली धरली आणि पान अकराच्या तळाशी त्यांना सापडलं: ‘अचानक तीव्र बिघाड झाल्यास प्रकरण त्वरित विचारात घेतले जाईल.’ म्हणजे एकच कागद, पण भयानक.

काकूंचा त्या रविवारचा खरा कागद मध्यम वाईट होता. मध्यमाला कुठल्याच कचेरीत कोणी विचारत नाही. मग काकांनी स्वतः वाईट गोगलगाय काढायला घेतली. उजव्या हातानं आली ती सुंदर. डाव्या हातानं काढली, तर डावा हातही त्याच खात्यातून निवृत्त झालेला निघाला. शेवटी त्यांनी कपडे धुण्याचं मशीन पिळण्यावर लावलं, झाकणावर कागद ठेवला, मशीनवर छाती टेकली आणि पेन टेकवलं. आलेली गोगलगाय पाहून स्वतः काकाच दचकले. तिला केस आल्यासारखे दिसत होते. स्वयंपाकघराच्या दारातून काकू हे सगळं बघत होत्या. “चादर पिळून झाली असेल तर वाळत घाला,” एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

आठ दिवसांनी संस्थेचं उत्तर आलं: ‘सदर कागद टपालवाहतुकीत खराब झालेला दिसतो. बाद.’

एवढ्यात संस्थेचं त्रैमासिक निघालं. त्यात पान चारवर काकूंचा अर्जावरचा फोटो, शेजारी पहिली आणि तेविसावी गोगलगाय आणि मथळा: ‘जिद्दीची रेघ’. आणि मजकुरात वरच्या मजल्यावरच्या कॅशियरची मुलाखत. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाल्यापासून इतरांच्या आयुष्यातल्या चुका मोफत शोधून देतात. संस्थेचा माणूस घरी आला तेव्हा काका-काकू दवाखान्यात होते, शेजारी म्हणून कॅशियरांनी माहिती दिली. माहिती अशी की सुधारणेचं खरं कारण म्हणजे त्यांनी काकूंना भेट दिलेला चुंबकाचा पट्टा. तो पट्टा काकूंनी कधी बांधला नव्हता. त्याला स्वयंपाकघरात सुऱ्या चिकटवून ठेवलेल्या होत्या.

“मी नम्रपणे नाव टाळा म्हटलं होतं,” कॅशियर जिन्यात काकांना म्हणाले. “पण आता छापलंच आहे तर वहिनींना म्हणावं, पट्टा दिवसा बांधा. पाहुणेबिहुणे आले तर बरं दिसतं.”

“ती बरी झालेली नाही.”

“असं मनात आणायचं नाही. रुग्णाला नकारात्मक माणसं सगळ्यात घातक, असं त्याच अंकात लिहिलंय. पान सहा.”

जिन्यात माणसाला ढकललं तर काय कलम लागतं, याचा विचार काकांनी त्या दिवशी प्रथमच गांभीर्यानं केला.

शेवटी व्यायामवाली ताईच म्हणाली, “काका, माझा इथला शेवटचा आठवडा आहे. तुम्ही काकूंना घेऊन शाखेत जा. समोर बघितल्यावर कोणी नाही म्हणणार नाही.” बिचारी वयानं लहान होती. समोर बघूनही नाही म्हणणाऱ्यांशी तिची अजून गाठ पडायची होती.

शाखा तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टच्या दारावर ‘बंद’ची पाटी, आणि तिच्याखाली चालताना तोल जाणाऱ्यांसाठी घ्यायच्या काळजीचं रंगीत पोस्टर. साठ पायऱ्या. काकूंना चढायला पंचवीस मिनिटं लागली, पण चढल्या. सकाळी नऊची गोळी घेतलेली होती आणि ती त्या दिवशी, नेमकी त्याच दिवशी, इतकी लागू पडली होती की काकू वर पोचल्या तेव्हा काकांनाच धाप लागली होती.

टेबलामागे शाखेतल्या बाई होत्या. त्यांच्या गळ्यात ओळखपत्र, चष्म्याला साखळी आणि पेनला दोरी.

“म्हणजे बाई बऱ्या झाल्या अशी तुमची तक्रार आहे,” त्या म्हणाल्या.

“बऱ्या झालेल्या नाहीत.”

“कागद तर म्हणतात झाल्या.”

“कागदांवर विश्वास ठेवू नका.”

“मग कशावर ठेवायचा?” बाईंनी हे अगदी निरागसपणे विचारलं. चौतीस वर्षं काकांनी स्वतः लोकांना हाच प्रश्न विचारला होता. “हे बघा, माझ्याकडे सुधारणा अर्ज आहे आणि बिघाड अर्ज आहे. मुळात सुधारणाच झाली नव्हती, असा अर्ज नाही. एक करते. बाईंची आत्ता एक रेघ काढून घेते.”

काकूंनी पेन घेतलं. काकांनी देवाचं नाव घेतलं, उलट्या दिशेनं: हात थरथरू दे. काकूंच्या हातून रेघ निघाली ती सहा महिन्यांत आली नव्हती इतकी बरी. एखाददुसरा हेलकावा, बाकी स्वच्छ. बाईंनी कागद उजेडाकडे धरला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“छान आहे की. उगाच काळजी करता.”

“ही गोळी आहे,” काका म्हणाले. “हा हात नाही, ही नऊची गोळी आहे. एक वाजता बघा म्हणजे कळेल.”

“गटबदलाचा निर्णय संशोधन विभागाच्या डॉक्टर मॅडम करतात. त्या साडेबाराला येतील. बसा.”

साडेबाराला मॅडम आल्या नाहीत. पाऊणला आल्या नाहीत. बाकावर शेजारी एक निवृत्त बसचालक बसला होता, दांडग्या अंगाचा, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तो बराच वेळ काकूंकडे चोरून बघत होता. मग त्यानं खिशातून घडी घातलेलं त्रैमासिक काढलं.

“ताई, तुम्हीच ना पान चार?” तो म्हणाला. “मी पंचेचाळीस किलोमीटरवरून आलोय. म्हटलं, शाखेतून तुमचा पत्ता मिळतो का बघू. पट्टा मी घेतलाय.” त्यानं शर्ट वर केला. पोटावर काळा पट्टा, काड्यापेटीएवढी चुंबकं. “किती दिवसांनी गुण आला तुम्हाला? मी गोळ्या निम्म्या केल्यात, पट्ट्याला वाव मिळावा म्हणून. पण अजून तसा काही फरक नाही. सकाळी सूनबाईच शर्टाची बटणं लावते.”

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. लाईन जोडून दिली आणि बाजूला झाल्या.

काका उभे राहिले. बसून बोलण्यासारखं ते नव्हतं. “पट्ट्यानं काही झालेलं नाही,” ते म्हणाले. “कशानंच काही झालेलं नाही. त्या रेघा मी काढल्या. मी नकाशे काढायचो. हिचे कागद घरी आले की... म्हणजे घरचेच होते, पण बाहेर पाठवायचे म्हणून मी ते नीटनेटके केले. तेवीस वेळा. तुम्ही गोळ्या पूर्ववत घ्या. आजच घ्या.”

बसचालकानं त्रैमासिकाकडे बघितलं, काकांकडे बघितलं. “नीटनेटके,” तो म्हणाला. “मी पण बस नीटनेटकी चालवायचो, साहेब. पण आरशात मागची गाडी आहे तशीच दिसू द्यायचो.” मग त्यानं हळूहळू पट्ट्याचं बक्कल काढायला घेतलं. बोटं जुमानेनात. काका मदतीला वाकले, तर तो म्हणाला, “नको. तुम्ही लांबच राहा.”

घड्याळात एक वाजला. काकांनी डबीतून एकची गोळी काढली, पाण्याची बाटली उघडली.

“नको,” काकू म्हणाल्या.

“अगं एक वाजला.”

“वाजू दे. त्यांना बघू दे मी कशी आहे ती.”

“तू जखडशील. घरी कशी जाणार? साठ पायऱ्या आहेत.”

“त्या तुमच्या पायऱ्या आहेत. मी नाही बांधल्या.”

यानंतरचा पाऊण तास काकांनी हातात गोळी धरून काढला. गोळी घामानं विरघळायला लागली तेव्हा दुसरी काढली. सव्वाला काकूंचा अंगठा सुरू झाला. दीडला पूर्ण हात. मग चेहऱ्यावरचं हसू-रुसू पुसल्यासारखं गेलं आणि पाय फरशीला चिकटले. शाखेतल्या बाई दोनदा टेबलामागून डोकावल्या. तिसऱ्यांदा पाणी घेऊन स्वतः आल्या आणि परत जाऊन कोणाला तरी फोनवर म्हणाल्या, “मॅडमना म्हणावं, जेवण नंतर करा.”

पावणेदोनला डॉक्टर मॅडम आल्या. तिशीतली बाई, पाठीवर पिशवी, हातात चोविसाव्या आठवड्याचा तो केसाळ कागद.

“हा कागद टपालात खराब झालेला नाही,” त्या म्हणाल्या. “इतका एकसारखा कंप माणसाचा नसतो. माणूस मध्येच दमतो. हे काय आहे?”

“कपडे धुण्याचं मशीन,” काका म्हणाले. “आणि आधीचे तेवीस मी.” मग त्यांनी सगळं सांगितलं. चहापासून.

मॅडम ऐकत गेल्या आणि लाल होत गेल्या. “तुम्हाला कळतंय का,” त्या म्हणाल्या, “तुमच्या या तेवीस कागदांमुळे मी दोन महिने एका औषधाच्या मागे लागले होते? लोकांनी पोटाला चिमटा काढून दिलेल्या देणग्या आहेत त्या. मला वाटलं होतं काहीतरी सापडलं.”

काकांना चौतीस वर्षांत साहेबानं कधी झापलं नव्हतं. सगळी थकबाकी त्या दुपारी वसूल झाली. ते खाली बघत राहिले, तेव्हा त्यांना दिसलं की काकूंची चप्पल पायातून निसटलीय आणि त्यांना ती घालता येत नाहीय.

“तुमचं झालं का बोलून, डॉक्टर?” काकू म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण शब्द एकेक वेगळा. “यांचं चुकलं. घरी गेल्यावर मी बघते. पण तेवीस आठवडे ती पोरगी माझ्या घरी येत होती. मी कशी उठते, कशी चालते, सगळं वहीत लिहीत होती. ती वही तुमच्यातल्या कोणी उघडली का? माझी गोगलगाय बघायला तज्ज्ञ. मला बघायला कोणी नाही.”

मॅडमनी शाखेतल्या बाईंकडे बघितलं. शाखेतल्या बाईंनी कपाटाकडे बघितलं. कपाटात व्यायामवाल्यांच्या वह्या होत्या, दोऱ्यानं बांधलेल्या. एकाही दोऱ्याला हात लागलेला नव्हता.

“नाही उघडली,” मॅडम म्हणाल्या. त्या खाली बसल्या आणि त्यांनी काकूंच्या पायात चप्पल घातली. “आता गोळी घ्या. बाकीचं मी बघते.”

निर्णय लेखी आला. एक, तेवीस अधिक एक असे चोवीस कागद रद्द. दोन, त्रैमासिकाच्या पुढच्या अंकात पान चारवरच पतीचा खुलासा छापावा. तीन, व्यायामसेवा पूर्ववत. यापुढे गट ठरवताना व्यायामवहीही वाचली जाईल. चार, रुग्णाची नव्यानं नोंद करून दर रविवारी सकाळी सात ते साडेसात या वेळात कागद त्रयस्थ साक्षीदारासमोर भरावा. पाच, त्या वेळी पतीने घरात असू नये.

साक्षीदार म्हणून इमारतीतून एकाच माणसानं तयारी दाखवली, आणि तो कोण हे सांगण्याची गरज नाही. पट्ट्याचा विषय त्यांनी परत काढला नाही. काढला असता तर काकू सुऱ्यांसकट पट्टा परत करणार होत्या.

तेव्हापासून दर रविवारी पावणेसातला कॅशियर इस्त्रीचा शर्ट घालून, शाईचा शिक्का आणि स्वतःचं घड्याळ घेऊन खाली येतात. दार उघडायला काकू स्वतः उठतात: पाय मागे, नाक पुढे. काका पायजम्यावर जिना उतरून रस्त्यावर येतात आणि फाटकाशी उभे राहतात. वर्तमानपत्र न्यायची मनाई नाही, पण वाचवत नाही. वरून कॅशियरांचा आवाज येतो, “वहिनी, सावकाश. वाकडी येऊ द्या, वाकडी येऊ द्या.” आणि काकांच्या उजव्या हाताची बोटं पायजम्याच्या शिवणीवर आपली आपण गोल फिरायला लागतात. मग ते तो हात डाव्या हातानं धरून ठेवतात.

परवा दूधवाला सायकल थांबवून म्हणाला, “काय काका, दर रविवारी बघतो. काकूंनी घराबाहेर काढलं की काय?”

“काकूंची काय टाप आहे,” काका म्हणाले. “राष्ट्रीय पातळीवर निर्णय झालाय.”